तहसील, झेडपी, महापालिका : बायकांना टेबल कुठलं मिळतं?

बारनिशी
नोकरी महसुलात, सोलापूर जिल्ह्यातल्याच एका तालुक्याच्या कचेरीत. तालुक्याचं नाव घेत नाही, उगाच कुणाच्या डोळ्यावर यायला नको.

बदल्या उरकल्या, नवा कामवाटप आदेश निघाला आणि दरवर्षीचंच झालं. गौण खनिज (वाळू, मुरूम), जमीन, फौजदारी, आस्थापना ही टेबलं पुरुषांकडे. बारनिशी (म्हणजे टपालाची आवक-जावक), संगायो (संजय गांधी निराधार योजना), अभिलेख कक्ष, निवडणुकीची डाटा एन्ट्री बायकांकडे. आमच्यात एक सेवाज्येष्ठ बाई आहेत. दुय्यम सेवा आणि महसूल अर्हता, दोन्ही परीक्षा पहिल्या झटक्यात पास. जमीन महसूल संहितेचं कलम विचारा, पान न उघडता सांगतील. त्यांच्याकडे अभिलेख कक्ष. जुनी बाडं आणि धूळ.

कारण विचारलं की उत्तर गोड मिळतं. "मॅडम, तुमच्या सोयीसाठीच केलंय की. फिरती नाही, घरी वेळेत जाताय." कुणी तोंडावर "बाईला जमणार नाही" म्हणालं असतं तर भांडले असते. काळजीनं केलंय म्हणणाऱ्याशी काय भांडायचं?

राज्याच्या नोकऱ्यांत ३० टक्के जागा आमच्यासाठी आहेत, त्यातून आम्ही दारातून आत आलो. आत आल्यावर कुठल्या खुर्चीवर बसायचं हे मात्र अजून साहेबाच्या मर्जीवर आहे. झेडपी, महापालिका, पोलीस, सगळ्यांनी आपापल्याकडचं लिहा. "आमच्यात असलं काही नाही" असं लिहिणाऱ्यांनी आधी आपल्या कचेरीचा कामवाटप आदेश काढून वाचावा, मग लिहावं.

भीमाकाठ
मॅडम, राग मानू नका, पण दुसरी बाजूही ऐका. मी फिरतीवरचा माणूस. रात्री दोनला फोन येतो, वाळू उपसायला नदीत ट्रॅक्टर उतरलेत म्हणून. मोटारसायकल काढायची, कोतवालाला उठवायचं, अंधारात नदीकाठ गाठायचा. समोरच्याच्या हातात काय असेल सांगता येत नाही. अशा पथकात नाव टाकलं की आमच्या काही भगिनी स्वतः साहेबांकडे जाऊन काढून घेतात. मग गौण खनिजाचं टेबल मिळालं नाही म्हणून तक्रार. दोन्ही कसं चालेल?

आणि वर बघा की. २०२४ साली राज्याच्या मुख्य सचिव सुजाता सौनिक आणि पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला, दोन्ही खुर्च्यांवर बायकाच. आपल्याच जिल्ह्यात तेजस्वी सातपुते एसपी होत्या, तांड्यावरच्या हातभट्ट्या बंद करून लोकांना दुसऱ्या धंद्याला लावायचं 'ऑपरेशन परिवर्तन' त्यांनीच चालवलं. कर्तबगार असेल तिला कोण अडवतंय?

जुळे_सोलापूरकर
मी नोकरदार नाही, दाखल्यासाठी रांगेत उभा राहणारा. बाहेरून जे दिसतं ते सांगतो. खिडकीवर कायम बाई असते. शिव्या तिला पडतात. सही करणारा आतल्या खोलीत, पंख्याखाली. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात दोन तास उभा राहिलेला माणूस खिडकीवर काय बोलतो ते आतल्याला ऐकूसुद्धा जात नाही.

निवृत्त_अव्वल
बारनिशीताई, मी अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. कामवाटपाचे कच्चे तक्ते मी स्वतः बनवलेत, तेव्हा आतलं सांगतो. साहेब नवा आला की पहिला प्रश्न असायचा, "वजनदार टेबलं कोणाकडं द्यायची?" वजनदार म्हणजे ज्या टेबलावर आमदाराचा फोन येतो, ठेकेदार चहा पाजतो, आणि कलेक्टर कचेरीच्या बैठकीला साहेबाबरोबर गाडीत बसून जावं लागतं. बाईचं नाव त्या रकान्यात यायचंच नाही. कुणी खोडत नव्हतं, मुळात सुचतच नव्हतं.

भीमाकाठ, तुम्ही म्हणता त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बाई पथकातून नाव काढून घेते, कारण तिला मोटारसायकलवर एकटीनं पाठवतात. गाडी नाही, पोलीस नाही. आणि पुरुषांनीही नावं काढून घेतलीत हो. त्यांचं कारण आजारी आई असायची, किंवा मणक्याचा एक्सरे. ते आळशी ठरायचे, त्यावरून "पुरुषांना जमत नाही" असा निष्कर्ष कुणी काढला नाही.

जुनी गोष्ट आहे पण इथं चपखल बसते. अन्ना राजम मल्होत्रा, १९५१ च्या तुकडीतल्या, देशातल्या पहिल्या महिला आयएएस. मुलाखतीतच त्यांना सुचवलं गेलं की बाईला परराष्ट्र सेवा नाहीतर केंद्राची दुसरी एखादी सेवा बरी. त्यांनी मद्रास केडर घेतलं. तिथं मुख्यमंत्री राजाजी त्यांना जिल्ह्यात पाठवायला राजी नव्हते, सचिवालयात बसा म्हणत होते. बाई हटल्या नाहीत, होसूरला सब-कलेक्टर म्हणून गेल्या. पुढे न्हावा-शेवा बंदराच्या अध्यक्षही झाल्या. सत्तर वर्षं होऊन गेली, देऊ केलेलं टेबल तेच आहे.

अभ्यासिका_तिसरा_मजला
मुलींच्या अभ्यासिकेत बसून राज्यसेवा करते. नोकरी लागायच्या आधीचं सांगते. ३० टक्के समांतर आरक्षण म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आत महिलांच्या जागा. खुल्या गटातल्या महिलांच्या जागेला पूर्वी नॉन क्रीमीलेअर लागायचं. खुल्या गटाला कसलं क्रीमीलेअर, पण लागायचं. त्या एका कागदापायी मुली तहसीलला खेटे घालायच्या. २०२३ च्या मे महिन्यात ती अट निघाली. मागासवर्गीय मुलीला खुल्या महिलांच्या जागेवर घ्यायचं की नाही याचाही घोळ कैक वर्षं होता. गुणवत्तेत बसत असेल तर घ्यायलाच लागेल, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० च्या डिसेंबरात सौरव यादव प्रकरणात स्पष्ट केलं. भरतीच्या दारावर एवढी लढाई झाली, आणि ताई म्हणतात आत गेल्यावर धूळ. छान. चहा घेऊन येते.

खाकीतली_अक्का
भीमाकाठ दादा, रात्रीचं काम आम्हीही करतो. आषाढीचा बंदोबस्त कधी केलाय का? माउलींची पालखी धर्मपुरीला जिल्ह्यात शिरली की आमचं सुरू. माळशिरस, वेळापूर, वाखरी, मग पंढरपूर. काम अवघड नाही, गर्दीची सवय होते. अवघड काय आहे ते स्पष्ट लिहिते. पॉइंटवर उभं केलं की बारा तास लघवीला जायला जागा नसते. वारकऱ्यांसाठी फिरती शौचालयं येतात ती तळावर. आम्ही रस्त्याच्या पॉइंटवर. म्हणून आमच्या बऱ्याच जणी बंदोबस्ताच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. जुलैत सोलापूर जिल्ह्यात, डोक्यावर टोपी, अंगावर खाकी, आणि पाणी नाही. मूत्रविकार कुठून येतात ते डॉक्टरांना विचारा. पाळी असेल तर विचारूच नका.

साहेब वाईट नसतात. एकांना आम्ही धीर करून सांगितलं. त्यांनी पॉइंट लावताना नकाशावर पेट्रोल पंप, शाळा, ग्रामपंचायत अशा जागा बघून महिला अंमलदार नेमले, दर चार तासांनी बदली माणूस दिला. खर्च शून्य. पुढच्या वर्षी ते साहेब बदलून गेले आणि नकाशाही त्यांच्याबरोबर गेला.

राज्यात महिला पोलिसांना आठ तासांची ड्युटी ठरली तेव्हा पेढे वाटले होते. बंदोबस्त लागला की आठ तास कुठले न् काय. आणि आणखी एक: आठ तास फक्त बायकांना दिले की ठाण्यातले पुरुष म्हणतात, "तुमच्यामुळे आम्हाला सोळा." द्यायचे तर सगळ्यांना द्या ना.

चावडीसमोर
ग्रामसेविका आहे. आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी झालंय, लोक अजून ग्रामसेविकाच म्हणतात, चालतंय.

माझ्या ग्रामपंचायतीत सरपंच बाई आहेत. २०११ पासून आपल्या राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा महिलांच्या. बाई हुशार आहेत, पण कचेरीत त्यांचे मालक येतात. शिक्का त्यांच्या खिशात. सुरुवातीला माझ्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून मला सांगायचे, "मॅडम, ठराव असा लिहा." मी म्हटलं, सरपंचांना बोलवा, त्यांच्यासमोर लिहिते. चार दिवस गावात माझी बदनामी. नंतर बाई स्वतः यायला लागल्या, आता वित्त आयोगाच्या निधीचे आकडे माझ्याआधी त्यांना पाठ असतात.

हे सांगायचं कारण, मी तिथं एकटी होते. मागे गटविकास अधिकारी उभे राहिले म्हणून निभावलं. ते म्हणाले असते "जाऊ द्या ओ मॅडम, गावातलं गावात मिटवा," तर मीही ठराव लिहून मोकळी झाले असते.

भीमाकाठ
खाकीतल्या अक्का, पाण्याचं वाचून वाईट वाटलं. हे माहीत नव्हतं. चावडीसमोर ताई, तुम्हाला मानलं.

पण माझा मुद्दा बाजूला पडला. वाळूच्या धंद्यात बाई अधिकारी गेली की तिला जास्त त्रास देतात हे खरं आहे की नाही? २०२५ मध्ये माढ्यातल्या कुर्डूचा मुरूम उपशाचा व्हिडिओ सगळ्या देशानं बघितला. करमाळ्याच्या पोलीस उपअधीक्षक मॅडम कारवाईला गेल्या आणि फोनवर थेट उपमुख्यमंत्री. आयपीएस बाईची ही गत, तर आपल्या मंडळ अधिकाऱ्याचं काय? म्हणून काळजी वाटते म्हटलं तर चुकलं काय?

बारनिशी
भीमाकाठ, तो व्हिडिओ मीही बघितला. त्यातून तुम्ही काढता तो अर्थ माझ्या लक्षात येतो, पण मला दुसरंच दिसलं. त्या मॅडम तिथं होत्या. कुणीतरी त्यांना ती खुर्ची दिली, त्या रानात उतरल्या, फोनवर बोलणारा कोण आहे याची खात्री करा म्हणाल्या. दबाव पुरुष अधिकाऱ्यावरही आला असता. तेव्हा आपण म्हटलं असतं, दबाव थांबवा. बाई असली की म्हणतो, बाईलाच पाठवू नका.

आणि टेबलाचं एवढं का लावून धरते, तेही सांगते. जमीन टेबलावर दोन-तीन वर्षं काढलेला माणूस अपिलं, फेरफाराच्या भानगडी, भूसंपादन सगळं शिकतो. पुढं नायब तहसीलदार झाला की त्याला कुणी फसवू शकत नाही. पदोन्नती सेवाज्येष्ठतेनं मलाही मिळणार. पण मी आयुष्यभर टपालाचे आवक नंबर टाकलेले असतील. मग पहिल्याच सुनावणीत वकील मला गुंडाळेल आणि लोक म्हणतील, बघा, बाईला जमत नाही.

कंत्राटी_ऑपरेटर
तुम्ही सगळे कायम आहात म्हणून टेबलावर भांडताय. आम्ही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर. एका योजनेच्या कक्षात डाटा ऑपरेटर आहे. माझ्या शेजारची पोरगी बाळंतपणाला गेली. कंत्राट संपायला महिना होता. "नंतर बघू" म्हणाले. तिच्या जागी दुसरी आली.

लाडक्या बहिणीच्या वेळचं आठवतंय का, २०२४ चा पावसाळा? रांगा रस्त्यापर्यंत. फॉर्म भरणाऱ्या कोण, तर अंगणवाडी सेविका, आशा, आमच्यासारख्या कंत्राटी पोरी. फॉर्ममागे ५० रुपये जाहीर झालेले. अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे, आणि सेविका आजही मानधनावर. समानतेच्या धाग्यात त्यांचं कुणी नाव घेतलं नाही म्हणून लिहिलं.

कलम_चार
वकिली करतो, सेवाविषयक प्रकरणं बघतो. कंत्राटी ताई, शेजारच्या मुलीला सांगा की २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं डॉ. कविता यादव प्रकरणात म्हटलंय, कायद्यानं मिळणारा प्रसूतीचा लाभ कंत्राटाची मुदत संपली म्हणून मध्येच तोडता येत नाही, तो मुदतीच्या पुढंही द्यावा लागतो. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. नेमणुकीची ऑर्डर, हजेरीपत्रक, बँकेत जमा झालेल्या पगाराचा उतारा, एवढं जपून ठेवायला सांगा. एजन्सीमार्फत असली तरी कागद सोडायचे नाहीत.

दुसरं, लैंगिक छळाचा विषय अजून इथं कुणी काढला नाही, म्हणून मीच काढतो. १९९७ चा विशाखा निकाल, मग २०१३ चा कायदा. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक कचेरीत अंतर्गत समिती हवी. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देते. ज्या कचेरीत दहापेक्षा कमी लोक आहेत, किंवा तक्रार थेट मालकाविरुद्ध आहे, तिथं जिल्ह्याची स्थानिक समिती. हे सगळं भिंतीवरच्या फलकावर असतं. फलक वाचा मात्र नीट. मी बघितलेल्या एका फलकावरच्या अध्यक्ष बाई बदलून दुसऱ्या जिल्ह्यात गेल्या होत्या, आणि बाहेरच्या सदस्याला आपण सदस्य आहोत हे माहीतच नव्हतं.

निवृत्त_अव्वल
वकीलसाहेब, फलकाचं शंभर टक्के खरं. तपासणी जवळ आली की रंगवायचा.

अभ्यासिका_तिसरा_मजला
मुलाखतीला विचारतील म्हणून विचारते. बालसंगोपन रजा १८० दिवसांची आहे ना? आणि ती वडिलांना का नाही?

बारनिशी
२०१८ पासून आहे, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत. वडिलांना मिळते, पण बायको वारली असेल किंवा अंथरुणाला खिळली असेल तरच.

तुझा प्रश्न चांगला आहे, माझ्या मते तिथंच मेख आहे. मी एकदा मुलाच्या दहावीच्या परीक्षेसाठी रजा मागितली, तर साहेब म्हणाले, "म्हणूनच बायकांना महत्त्वाचं टेबल देता येत नाही." आता मुलगा नवऱ्याचाही आहे. तेही सरकारी नोकरीत. त्यांच्याकडं ही रजा मागायचा रस्ताच नाही, मग घरातली परीक्षा, ताप, म्हातारी सासू सगळं माझ्याच हजेरीपत्रकावर लाल दिसणार. त्यांच्या कचेरीत ते "नियमित" कर्मचारी आणि माझ्या कचेरीत मी "रजेवाली". रजा काढून घेऊ नका म्हणते मी, बापालाही द्या. केंद्रात निदान पितृत्व रजा १५ दिवस तरी आहे.

पार्क_चौक
एवढा मोठा धागा, आणि एकाच गोष्टीवर. ज्या शहरात विद्यापीठाला अहिल्यादेवींचं नाव आहे तिथं बाईला कारभार जमतो का यावर चर्चा! चालू द्या.

चावडीसमोर
पार्क चौक, नाव द्यायला पैसे लागत नाहीत ओ.

खाकीतली_अक्का
😀

बारनिशीताई, रजेवरून आठवलं. १९७९ पर्यंत परराष्ट्र सेवेत बाईला लग्नाला सरकारची लेखी परवानगी लागायची, आणि संसारामुळे कामात अडचण येते असं सरकारला वाटलं तर राजीनामा मागता यायचा. सी. बी. मुथम्मा कोर्टात गेल्या. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी त्या नियमांवर सरकारला चांगलंच सुनावलं. पोरीच्या वक्तृत्व स्पर्धेसाठी वाचलं होतं. नियम गेला, तुमच्या साहेबांच्या तोंडचं वाक्य शिल्लक आहे.

भीमाकाठ
बरं, एक सरळ प्रश्न. पुढच्या महिन्यात पथकाची नवी यादी होणार आहे. बारनिशी मॅडम, तुम्ही माझ्या तालुक्यात असता तर तुमचं नाव लिहू का?

बारनिशी
लिहा. गाडी सरकारी पाहिजे, सोबत पोलीस पाहिजे, आदेश लेखी पाहिजे. मोटारसायकलवर कोतवालाला घेऊन जाणार नाही. आणि तुम्हीही जाऊ नका, तुमचीही पोरं लहान असतील.

मोबदल्यात गौण खनिजाचं टेबलही माझ्याकडं. रात्री नदीवर मी आणि सकाळी दंडाची फाईल दुसऱ्याकडं, असं नको.

भीमाकाठ
गाडी आणि पोलीस तर आम्हालाच मिळत नाहीत. मागून दमलो. संघटनेच्या निवेदनात हा मुद्दा टाकतो, महिला-पुरुष असा भेद न करता. टेबलाचं माझ्या हातात नाही, पण बैठकीत बोलेन.

कलम_चार
टेबलाचं कुणाच्या हातात आहे ते बघायला एक सोपा उपाय आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख). प्रत्येक कार्यालयानं आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची कर्तव्यं आणि अधिकार स्वतःहून प्रसिद्ध करायचे आहेत. बहुतेक ठिकाणी ती माहिती जुनी असते. मागच्या पाच वर्षांचे कामवाटप आदेश मागा. जिल्ह्यात अकरा तालुके आहेत, अकरा अर्ज. टेबलनिहाय नावं समोर आली की कुठलं टेबल सलग पाच वर्षं पुरुषाकडंच राहिलं ते शाळकरी पोरगंही सांगेल. मग "आमच्यात असलं काही नाही" म्हणणाऱ्यांपुढं तो तक्ता ठेवायचा.

बारनिशी
मी स्वतः अर्ज टाकला तर दुसऱ्या दिवशी माझं टेबल अभिलेख कक्षाच्याही मागं जाईल.

कलम_चार
तुम्ही नकाच टाकू. कुणीही नागरिक टाकू शकतो, कारण विचारायचा अधिकार त्यांना नाही. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवसांत उत्तर. नाही आलं तर पहिलं अपील.

जुळे_सोलापूरकर
मी टाकतो. तसाही दाखल्यासाठी सोमवारी जाणारच आहे. अर्जाचा मसुदा इथंच टाका वकीलसाहेब, एक अर्ज उत्तर सोलापूर तालुक्यासाठी, एक दक्षिण सोलापूरसाठी. बाकीचे नऊ कोण घेतंय?

चावडीसमोर
मंगळवेढा आणि सांगोला माझ्या भावाकडं द्या.

अभ्यासिका_तिसरा_मजला
अक्कलकोट मी. बार्शीला मैत्रीण आहे, विचारून सांगते.